एक वाजेपर्यंत

मावशी कोसळल्या तेव्हा हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत बारा वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. इस्त्रीचा मोठा रोलर फिरतच होता. अर्धी चादर त्याच्या आत आणि उरलेल्या अर्ध्या चादरीवर मावशी.

घड्या घालणारी बाई, जिला सगळे घडीबाईच म्हणत, तिने चादर ओढून काढली. महिन्यापूर्वी कामाला लागलेली कॉलेजची मुलगी गुडघ्यांवर बसली. मावशींचं मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिने ठोके मोजायला घेतले. ते धड मोजताच येईनात. मावशींचा डावा हात छातीशी होता, कपाळ घामाने चिंब झालं होतं.

मुलीने फोन काढला. मावशींनी तो हात धरला.

"अँब्युलन्स नको. एक वाजू दे."

"मावशी, वेड लागलंय का तुम्हाला?"

"आजचे चार तास बुडाले तर गोळ्या कशाने आणू, पोरी?" मग तशातही त्या हसल्या. "घाबरू नका गं. मेले तर एकनंतरच मरेन."

नियम तिघींना पाठ होता. अर्धवेळवाल्यांची पाळी नऊ ते एक. चार तासांना एक मिनिट कमी पडलं, तरी त्या दिवसाचा पगार शून्य. वर लॉबीत एका कॉफीला जेवढे पडत, तेवढे मिळवायला इथे दोन तास लागत.

"साहेब खाली आला तर?" घडीबाई दाराकडे बघत कुजबुजली. "लगेच घरी पाठवेल. म्हणजे गेलेच."

साहेब आला नाही. मुलीने नंबर लावून ठेवला आणि बोट बटणावर धरून ती घड्याळाकडे बघत राहिली. दहा मिनिटं. सात. चार. मावशींचे ओठ निळसर दिसू लागले. रोलर रिकामाच फिरत होता.

एक वाजला. दोघींनी हजेरीच्या मशीनवर स्वतःचे अंगठे लावले आणि मावशींना उचलून तिथे नेलं. त्यांचा अंगठा टेकवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' त्या बोटांवरच्या रेषा ब्लीचने केव्हाच खाल्ल्या होत्या. मुलीने अंगठा बाहीला पुसून पुन्हा दाबला. लाल दिवा. तिसऱ्यांदा हिरवा लागला आणि त्याच क्षणी तिने फोनचं बटण दाबलं.

मावशी वाचल्या. "अगदी थोडक्यात," डॉक्टर म्हणाले.

शनिवारी पगाराच्या चिठ्ठ्या आल्या. त्या दिवसापुढे तिघींच्याही चिठ्ठीत एकच नोंद होती: तीन तास एकोणपन्नास मिनिटं. रक्कम शून्य. मशीन चुकलं असणार, असं मुलीला वाटलं. तिन्ही चिठ्ठ्या घेऊन ती वर केबिनमध्ये गेली.

"साहेब, आमचे अंगठे एक वाजता लागलेत. मग ही अकरा मिनिटं कुठे गेली?"

साहेबाने टेबलावरचा स्क्रीन शांतपणे तिच्याकडे वळवला. छताच्या कॅमेऱ्यातून लाँड्री दिसत होती. जमिनीवर एक बाई, तिच्याजवळ दोघी.

"अंगठ्यावर कोण विसंबतं, अगं? बारा एकोणपन्नासला म्हातारी पडली आणि तुम्ही दोघींनी काम सोडलं. ते एक वाजेपर्यंत. मिनिटाचीही चूक नाही. पहिल्यापासून मी इथेच बसून बघत होतो."