दुसऱ्या हाताची मूठ

“बाबांचं ड्रिल मिळेल का गं? देव्हारा भिंतीवर बसवायचाय,” शेजारच्या नाडगौडा काकांनी दारातूनच चाचरत विचारलं.

मी खोका काढला. घरासाठी लहान पुरे, असं दुकानदार म्हणाला होता. बाबांच्या पंच्याहत्तरीला मीच सर्वांत दणकट आणलं. “भिंत म्हणजे लोणी बघ!” म्हणत ते सोसायटीभर भोकं पाडून द्यायचे. एकदा ड्रिलचं टोक भिंतीतल्या सळईत अडकलं, मशीननं त्यांचा हात पिरगाळला आणि ते स्टुलावरून पडले. परत उठले नाहीत.

खोक्यात दुसऱ्या हातानं धरायची मूठ प्लॅस्टिकमध्ये तशीच होती. “राहू दे, नवी खराब होईल,” असं बाबा म्हणाले, तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं.

प्लॅस्टिक फाडून मी मूठ घट्ट बसवली.

“दोन्ही हातांनी धरा, काका.”