स्वच्छ जोड

श्यामलाने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. तुकडा तसाच होता. जोडाच्या धातूत ठिपके जवळजवळ नव्हतेच.

“स्वच्छ आहे ना, मॅडम?” समोरच्या स्टुलावरून मैनुद्दीनने विचारलं. तीस वर्षं वेल्डिंग केलेल्या या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला तिने कधी ऐकला नव्हता.

“फार स्वच्छ आहे. कुठला तुकडा हा, मैनुद्दीनभाई?”

“आधी कसा आहे ते सांगा.”

तिने खणातून गेल्या महिन्याचा नमुना काढला. बर्फाच्या कारखान्याची अमोनियाची टाकी. टाकी काही कापून तपासता येत नाही, म्हणून तोच वेल्डर जोडात वितळणाऱ्या त्याच तारेने शेजारी एक प्लेट जोडतो आणि ती इथे, वारज्याच्या या प्रयोगशाळेत, कापली जाते. ही प्लेट पास झाली होती. अहवालावर सही श्यामलाची होती.

नमुना भिंगाखाली ठेवून ती बाजूला झाली. “या, बघा.”

मैनुद्दीन चष्मा काढून वाकला. “ठिपकेच ठिपके. घाण आहे ही.”

“घाणच, पण कामाची. केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढे कण आहेत ते. पोलाद निवतं तेव्हा एकेका कणावरून सुया फुटतात आणि एकमेकींत गुंततात. तडा आला की प्रत्येक सुईपाशी त्याला वळावं लागतं. दमतो आणि थांबतो.” तिने नमुने बदलले. “आता तुमचा.”

“मोठे दाणे दिसतात. मधे पांढऱ्या रेघा.”

“कण नाहीत, म्हणून सुया नाहीत. तड्याला सरळ रस्ता. उन्हाळ्यात खपून जाईल. अमोनियाच्या उणे तीस अंशांत नाही.”

मैनुद्दीनने भिंगावरून डोळा काढून चष्मा चढवला. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या क्लासची तुकडी सुटली, जिन्यात चपला वाजल्या.

“टाकीचाच आहे,” तो म्हणाला. “शिवणीच्या टोकाला जादा पट्टी लावतो आम्ही, जोड तिच्यावरून पुढे नेतो, काम झालं की हातोड्याने पाडतो. सहा-सात घाव लागतात. आधी वाकते, मग तुटते. ही एका घावात गेली. टक्. महिनाभर पेटीत पडून होती.”

“आणि प्लेट?”

त्याने हातांकडे पाहिलं. “प्लेट जुन्या तारेची. एक रीळ राखून ठेवलं होतं. परीक्षेला जाताना माणूस धुतलेला सदरा घालतोच की. तीस वर्षं हेच करतोय मी. आमच्या वर्कशॉपच्या साहेबांनी नवी तार आणली, बाहेरच्या देशातली. एक्स-रेवर एक डाग नाही. पेढे वाटले त्यांनी.”

“एक्स-रेत हे कण दिसतच नाहीत.”

“ते आज कळलं.”

“टाकी कुठे आहे?”

“कात्रजला. बसवून झाली. आज गॅस भरतायत, म्हणून तर आलो.”

तिने फोन ओढला. “सही माझी आणि टाकीवर ठोकलेला नंबर तुमचा, मैनुद्दीनभाई.”

“करा.”

पलीकडे खूप वेळाने कोणीतरी उचललं. मागे कॉम्प्रेसरची घरघर होती.

“ऑपरेटर संपत बोलतोय.”

“प्रयोगशाळेतून बोलतेय. टाकी भरणं थांबवा, आत्ता. आणि सगळे बाहेर पडा.”

“बाहेर? ऊन खायला का?” संपत म्हणाला. “पास झालेली टाकी आहे, बाई. कागद भिंतीवर लावलाय. सही वाचून दाखवू?”

“नका वाचू. माझीच आहे.”

“इथले साहेब जेवायला गेलेत. आल्यावर विचारतो. नऊपासून चालू आहे हो, निम्मी भरली.”

“आत किती जण आहेत?”

“चौदा. डबे उघडलेत आत्ताच.”

मैनुद्दीनने तिच्या हातातला रिसीव्हर घेतला. त्याने तो कानापासून थोडा दूर धरला, म्हणून श्यामलालाही ऐकू येत होतं.

“संपत, मी मैनुद्दीन, वेल्डर. साहेबांची वाट बघू नको. व्हॉल्व्ह बंद कर.”

“चाचा, नोकरी माझी जाईल, तुमची नाही.”

“बरं, एवढं सांग. खालच्या शिवणीशेजारी माझा नंबर ठोकलाय, सतरा. दिसतो का तिथून?”

“सकाळी दिसत होता. आता पांढरं चढलंय, फ्रीजरमध्ये चढतं तसं. थर्मोकोलचं आवरण उद्या बसणार आहे ना. नंबराच्या वर हातभर गेलंय.”

“आवाज येतो का काही?”

“कसला आवाज? हां, मघाशी एक आला.”

“कसा?”

संपत हसला. “टक्. लोखंड गार होतंय, चाचा. हे आता तुम्हाला मी सांगायचं?”