पत्रा वाजल्यावर

म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या संस्थेची मॅटाडोर कवडू फुकटात चालवायचा. त्यांना गावोगावहून सौंसरच्या दवाखान्यात न्यायचा. शेवटी चढणारा आतून पत्रा थोपटायचा, मगच गाडी हलायची.

एकदा रामाकोना गावच्या थांब्यावर पत्रा वाजायच्या आधीच घाईत त्याने गाडी काढली. मनकर्णाबाई पायरीवरून कोसळताना आरशात दिसली, तरी तो थांबला नाही. त्यातच ती मेली. संस्थेत तो म्हणाला, "बाई आलीच नोयती जी."

तेव्हापासून कोणी "पुण्याचं काम करून राहिला गा" म्हटलं, की त्याची मान खाली जायची.

आज रामाकोन्याला चढणारं कोणीच नव्हतं. पण सवयीने त्याने गाडी थांबवताच मागची पायरी करकरली, दबली.

"चाल ना, कवडू," मागच्या बाकावर बसलेले म्हातारे मोतीरामबुवा म्हणाले.

"पत्रा नाही वाजला, बुवा."

पत्रा वाजलाच नाही. आरशात बुवा आपल्या बाकावरच होते, तरी कोणीतरी हलकेच त्याची पाठ थोपटली.