डावा गाल

खरा कलावंत चेहऱ्याचा अर्धाच भाग उजेडात ठेवतो. उरलेला अर्धा पाहणाऱ्याने आपल्या आत्म्याने पाहायचा असतो. पाहणाऱ्यांनी तसं काही केलं नाही. त्यांनी फोन करून विचारलं, "मुलीला दुसरा डोळा आहे ना?"

भालचंद्रांना त्यांची कीव आली. पतपेढीतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी कॅमेरा घेतला होता. आधी वस्तूंपासून सुरुवात झाली. पितळी तांब्या, अर्धवट सोललेलं केळं, वाडीतला नारळ. मांडणीखाली अंथरायला शेजारच्या हेलनने तिचा लेसचा टेबलक्लॉथ दोनदा दिला. तिसऱ्यांदा तो वाळत घातलाय म्हणाली. सुक्या बोंबलांची एक मांडणी योग्य उजेडाची वाट बघत दोन दिवस तशीच राहिली. ती मांजराने संपवली.

"घरात एकाला तरी कळली तुमची कला," त्यांची बायको विमलाबाई म्हणाल्या.

मग ते माणसांकडे वळले. म्हणजे रिद्धीकडे, कारण अख्ख्या नंदाखाल गावात तासभर न हलता बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. रिद्धी त्यांची एकुलती एक मुलगी, वय एकोणतीस, विरारला दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांना 'हलू नका' सांगायची आणि रविवारी तेच ऐकून घ्यायची.

तिच्या लग्नासाठी फोटो हवा होता. स्टुडिओत कशाला, भालचंद्र म्हणाले. घरची वाडी असताना बाजारातून केळी आणतं का कोणी? त्यांनी तिला केळी पिकवायच्या खोलीत एकुलत्या एक झरोक्यासमोर बसवलं. उजवा गाल उजळला. डावा काळोखात गेला. फोटो ज्ञातीच्या वधूवर मंडळाकडे रवाना झाला.

पहिल्या स्थळाने डोळ्याचं विचारलं. दुसऱ्याने आडून आडून, लहानपणी कुठे भाजलं-बिजलं होतं का, ते विचारलं. तिसऱ्याने सरळ डॉक्टरचा दाखला मागितला.

"अहो, दुसऱ्या बाजूचा पण एक काढा की!" विमलाबाई काकुळतीला आल्या.

भालचंद्रांनी काढला. आता डावा गाल उजळला आणि उजवा काळोखात गेला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून मंडळाच्या बाईंनी फोन केला. "धाकटीचं नाव काय लिहू?"

त्या दिवशी विमलाबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "आता ते आगाशीचं स्थळ येतंय. तेही तुमच्या कलेपायी गेलं, तर कॅमेरा माळ्यावर. सरपणाशेजारी."

रविवारी सकाळी आगाशीची मंडळी आली. मुलगा विपुल, त्याचे वडील आणि आत्या. विमलाबाई नको नको म्हणत असताना भालचंद्रांनी पहिला फोटो खिडकीएवढा मोठा करून बाहेरच्या खोलीत टांगला होता. आत्यांनी तो बघितला आणि रिद्धीच्या डाव्या अंगाची खुर्ची धरली.

"बाय, जरा पानी दे."

पाणी आलं.

"आता ती खिडकी लाव गो."

खिडकी लागली.

"नको, उघडच."

रिद्धीने काय ते ओळखलं. आत्यांसमोर स्टूल ओढून ती एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे. "आत्या, हा गाल. हा दुसरा. डोळे दोन. दात बत्तीस, आणि एकही किडलेला नाही."

विपुलला हसू आलं. आत्यांनी त्याच्याकडे पाहिल्यावर ते गेलं.

विपुलचे वडील मात्र भिंतीवरच्या फोटोसमोर उभे होते. पाच मिनिटं झाली, हलेनात. भालचंद्रांच्या एकाही फोटोसमोर आजवर इतका वेळ कोणी थांबलं नव्हतं. ते हळूच शेजारी जाऊन उभे राहिले.

"मी वीज खात्यात होतो," वडील म्हणाले. "तुमच्याकडे व्होल्टेज कमी येतं का?"

"तो काळोख मुद्दाम ठेवलाय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

वडिलांनी फोटोकडे पाहिलं, रिद्धीकडे पाहिलं, मग बराच वेळ भालचंद्रांकडे पाहिलं. नंतर बहिणीला आणि मुलाला घेऊन ते अंगणात गेले. माडाखाली तिघांची कुजबुज सुरू झाली. विमलाबाईंनी एकदा माळ्याकडे बघितलं. भालचंद्रांनीही बघितलं.

मंडळी परत आली.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," वडील म्हणाले. "देणं-घेणं काही नको. पण एक अट आहे, आणि ती आत्ताच कबूल व्हायला हवी."

विमलाबाईंनी पदर घट्ट धरला. भालचंद्रांनी विहिरीकडची वाडी मनातल्या मनात देऊन टाकली.

"फोटो आमचा माणूस काढेल. साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंत, सगळे. तुम्ही फक्त फोटोत उभं राहायचं."

वाडी मागितली असती तर भालचंद्र हसत हसत 'हो' म्हणाले असते. हे फार होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. जिच्या चेहऱ्यापायी आपण दोन वर्षांचे रविवार वेचले, ती तरी कलेच्या बाजूने उभी राहील याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

"रिद्धी, तूच सांग यांना."

रिद्धीने सांगितलं. अट तिने तिथल्या तिथे मान्य केली. मुलाबद्दल मात्र विचार करून बुधवारी कळवते म्हणाली.