रंग आधी, शिक्षण मग

"हे काय करून ठेवलं, पोरी?"

वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका स्क्रीनवर उघडी होती आणि मेळावा समितीचे अध्यक्ष खुशालराव रागानं लालबुंद झाले होते. मुलींची पानं त्यांनी सांगितली तशीच लागली होती. आधी रंग, मग उंची, मग शिक्षण. गोऱ्या पुढे, निमगोऱ्या मधे, सावळ्या मागे. भानगड मुलांच्या पानांत होती. खुशालरावांचा मुलगा अंकुर, इंजिनिअर, बाळापूरकडच्या ओलिताच्या जमिनीचा एकुलता वारस, पार शेवटी जाऊन बसला होता.

"पोरायलेही तेच लावलं, काका," दामिनी म्हणाली.

पानांचा क्रम लावायचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता, हॅस्केल नावाच्या संगणकाच्या भाषेत. तिच्यात कसोट्या एकीमागे एक जोडायच्या, की झालं. पहिलीवर दोघांची बरोबरी झाली तरच दुसरीला विचारायचं. थोरल्या सुनेपुढे धाकटीनं बोलू नये, तसं. अंकुरनं फॉर्मवर बिचाऱ्यानं खरं तेच लिहिलं होतं, 'सावळा'. त्यात उंची बेताची. त्याच्या इंजिनिअरिंगला तोंड उघडायची पाळीच आली नाही.

"पोट्ट्याचा रंग कोन पाह्यते?"

"मंग पोट्टीचा काहून पाह्यता?"

खुशालरावांनी दाराकडे पाहिलं. राजापेठेतल्या त्यांच्या दुकानात अजून गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी आवाज खाली आणला.

"पाह्य बेटा, छापखानेवाला खोळंबून हाय. पोरायचं तेवढं बदल. तुयं नाव पह्यल्या पानावर टाकून देऊ."

दामिनीचं नाव मुलींच्या शेवटच्या पानावर होतं. एम.टेक., सावळी. तिच्या आईनं, वच्छलाबाईंनी, फॉर्म भरून आधी देवापुढे ठेवला होता. 'यंदा तरी जमू दे रे बाप्पा.' दामिनीला वाईट वाटलं ते आईसाठी. मग जो राग आला, तो मात्र स्वतःसाठी होता.

"मले पह्यल्या पानावर नाही याचं, काका. रंग काढाचा तं दोघायचाही काढू. ठेवाचा तं दोघायचाही राहू द्या."

"आजवर असंच छापत आलो आपन! समाजाले शिकवून राहिली तू?" खुशालराव टेबलावर हात आपटून ओरडले. "एवढंच वाटते तं तुयं नावच काढून टाक त्यातून!"

दामिनीनं माउस हातात घेतला. आपलं पान उघडलं. स्टुडिओवाल्यानं उजळ करून दिलेला तो फोटो आईनंच निवडला होता. तो एकदा पाहिला आणि पान पुसून टाकलं.

"काढलं," ती म्हणाली. "आता सांगा, अंकुरले कुठी ठेवू?"