उंच फटका

महिनाभर गोल्फ शिकूनही डॉक्टरबाईंचा चेंडू गवतातूनच सरपटायचा. म्हातारे सर मात्र कधी वैतागायचे नाहीत. "चेंडूखालची टीची खुंटी थोडी वर ठेवा. चेंडू डाव्या टाचेसमोर हवा, आणि त्याला उचलायला जाऊ नका. आपसूक उडेल."

बाईंनी सगळा जीव एकवटून स्टिक फिरवली. टक्कन आवाज झाला.

"वा! आज तर आभाळाला हात लावलात!" वर बघत सर हरखून म्हणाले.

चेंडू चार पावलांवर गवतात पडला होता. वीस वर्षं लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईंनी सरांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "सर, कधीपासून दिसत नाहीये?"

 

सरांचा चेहरा उतरला. "क्लबात कुणाला सांगू नका, डॉक्टर. मला दुसरं काहीच येत नाही हो."