एकच पोर

"एकच पोर नेता येईल, बाई," हवालदार साहेबराव म्हणाला. "हुकमात एकच लिवलंय."

खुर्शिद शिरूरच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसली होती. मांडीवर दोन पोरं. लढाई सुरू होऊन सहा दिवस झाले होते, आणि खुर्शिद कराचीची. तीन वर्षांपूर्वी आत्याच्या मुलाशी, महबूबशी, निकाह लावून ती इथे आली. पासपोर्ट मात्र अजून तिकडचाच होता. आता लढाई संपेपर्यंत तिला पुण्याला पहाऱ्यात ठेवायचा हुकूम आला होता. शिरूरवर विमान सोडा, घारही फिरकली नव्हती. तरी स्टँडच्या काचांना काळा कागद लागला होता, आणि रोज पाणी भरताना बोलणाऱ्या बायकाही आज लांबूनच बघत होत्या.

महबूब डेपोत मेकॅनिक. अकराच्या पुणे गाडीचे ब्रेक सकाळी त्यानेच तपासले होते. बायकोला घेऊन जाणारी गाडी आपणच ठाकठीक करायची, याला नशीब म्हणतात.

इनुस नऊ महिन्यांचा, बापाकडे झेपावत होता. धाकटं जेमतेम दोन महिन्यांचं, पदराखाली पीत होतं.

खुर्शिदने इनुसचा मुका घेतला आणि त्याला महबूबच्या हातात दिलं.

"हा दूध-भाकर खातो," ती म्हणाली. "धाकटा गाईचं दूध ओकतो. माझ्याबगर ऱ्हाणार नाही."

तिचे डोळे भरले. ते तिने पुसलेही नाहीत. महबूबने इनुसला छातीशी धरलं आणि मान हलवली.

साहेबराव शिरूरला बदलून आल्याला आठवडाच झाला होता. त्याने कागद उलटसुलट केला.

"हुकमात इनुस हाय. ह्याचं नावच न्हाई कुठं. आन् नऊ महिन्यांच्या पोरामागं दोन महिन्यांचं कसं?" त्याने पेन उघडलं. "बापाचं नाव सांगा."

सगळे महबूबकडे बघू लागले. तो गर्दीत कुणाला तरी शोधत होता. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात गर्दी सारत सोजरबाई पुढे आली. भीमनगरातली म्हातारी, पायात वहाण नाही, धाप लागलेली.

"बन्सी म्हाळू साळवे," ती खणखणीत म्हणाली. "माझा ल्योक. फौजेत हाय, सरहद्दीवर. सून बाळंतपणात गेली, तवापासून हिनंच ह्याला अंगावर पाजलंय. मी मागाय गेले न्हवते. ही आपल्या पायानं आली."

पेन थांबलं. हसणाराही थांबला.

"बाई, ह्याचा बाप तुमच्या मुलखावर गोळ्या झाडतोय," साहेबराव हळूच म्हणाला.

"मालूम हाय," खुर्शिद म्हणाली. तिची मान ताठ होती. "आमच्यात ज्याला दूध पाजलं, तो लेकच. इनुसचा भाऊ हाय तो."

साहेबरावने कंडक्टरला हात केला. "सोड गाडी. साहेबांना मी फोन करतो." गाडी खुर्शिदला न घेताच धूळ उडवत पुण्याच्या वाटेला लागली. तो बाकड्यावर टेकला आणि सोजरबाईला म्हणाला, "ह्या पोराचं कळवावं लागंल. काय लिवू?"

"बापाचं सांगितलंच हाय," सोजरबाई म्हणाली. "आईच्या जागी खुर्शिद लिवा."